तारेचे मोल, कानाचे माप

कोल्हापुरात गाण्याच्या बैठकीला निघणाऱ्या माणसाला एके काळी फार सामग्री लागत नसे. खांद्यावर उपरणे, खिशात पानाचा डबा आणि मध्यरात्र उलटल्यावर घरचे दार उघडले जाईल याची अंधुक आशा, एवढ्यावर त्याचे भागे. १८८३ साली स्थापन झालेला देवल क्लब गावात होताच. १८९५ साली अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी आले आणि या गावाच्या कानाला जे वळण लागले ते लागले. त्या कानांची नातवंडे आज घरी बसून, यंत्रावर गाणे ऐकतात. यात वावगे काहीच नाही. मात्र आजोबांची सामग्री दोन हातांत मावत होती, आणि नातवाच्या सामग्रीला एक खोली, एक कपाट आणि बँकेतली मुदतठेव लागते.

यंत्र घेणाऱ्याशी माझे भांडण नाही. चांगला स्पीकर महाग असतो आणि पुष्कळदा त्याची किंमत रास्तही असते. माझे भांडण आहे ते यंत्राभोवती जमणाऱ्या वऱ्हाडाशी. तीन मीटर लांबीची आणि लाख-दीड लाख रुपये किमतीची तार. ती तार जमिनीला टेकू नये म्हणून तिच्याखाली ठेवायचे चिनी मातीचे ठोकळे. एका विशिष्ट दिशेनेच बसवायचा फ्यूज. खोलीच्या कोपऱ्यात ठेवायचे दगड. होय, दगडच. पंचगंगेच्या काठी फुकट मिळणारे नव्हेत, परदेशातून बाटलीत भरून येणारे.

या वस्तूंची माहितीपत्रके आणि त्यांवरची परीक्षणे मी गेले काही महिने वाङ्मय म्हणून वाचतो आहे. वाङ्मय म्हणून वाचण्याचे कारण असे की, शास्त्र म्हणून ती वाचताच येत नाहीत. आणि वाङ्मय म्हणून पाहू गेल्यास त्यांची प्रतिमासृष्टी फारच तुटपुंजी निघते. 'सुरांवरचा पडदा दूर झाला' हे वाक्य तर प्रत्येक परीक्षणात येतेच. प्रत्येक नव्या तारेने एक पडदा दूर होतो. तीस वर्षे हा उद्योग चालला आहे, तेव्हा मूळच्या आवाजावर किती पडदे होते कोण जाणे! संगीत नाटकाच्या ऐन बहरातही कोणा कंपनीकडे इतके पडदे नसतील. दुसरी आवडती कल्पना पार्श्वभूमी 'काळीभोर' होण्याची. आणि तिसरे पात्र तर ठरलेलेच: परीक्षकाची पत्नी. तिला गाण्यात रस नाही, तारांत तर नाहीच नाही; पण नवी तार जोडताक्षणी ती स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर येते आणि विचारते, "अहो, आज काय बदललंत?" ऐतिहासिक नाटकातला भालदारसुद्धा इतका वेळेवर प्रवेश करीत नाही.

आता या भाषेच्या शेजारी आपल्या गवयांची आणि वादकांची भाषा ठेवून पाहा. 'तान दाणेदार आहे', 'आकार खुला आहे', 'खर्ज घुमतो', 'सूर कणभर चढा लागला' असे म्हणणारा श्रोता बोट दाखवू शकतो. तानेतला दाणा हरवला तर तो कुठे हरवला हे शेजारच्यालाही ऐकू येते. सूर चढा की उतरलेला हे तंबोरा सांगतो. या शब्दांमागे साक्षीदार उभा असतो. माहितीपत्रकातल्या शब्दांमागे कोणी उभे नसते. ते शब्द वाचकाला ऐकायला शिकवीत नाहीत. आपण ऐकण्यात कमी पडतो की काय अशी धास्ती मात्र त्याच्या मनात घालतात. फरक ऐकू आला नाही? मग तुमचे कान तयार नाहीत, किंवा तुमचे यंत्र त्या तारेच्या योग्यतेचे नाही. राजाचे नवे कपडे फक्त शहाण्यालाच दिसतात, ही जुनी युक्ती आहे.

बारीकसारीक गोष्टींनी आवाज बदलत नाही, असे मात्र कोणी समजू नये. बदलतो, आणि त्याचा दाखला आपल्या उशालाच आहे. मिरज येथून पन्नास किलोमीटरच्या आत आहे. तिथले कारागीर पंढरपूरकडच्या भोपळ्यातून तंबोरा घडवतात, तो देशभरच्या बैठकींत वाजतो. २०२४ साली मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला भौगोलिक मानांकनही मिळाले. त्या तंबोऱ्याच्या घोडीवर, तारेच्या खाली, एक साधा दोरा सरकवलेला असतो. तो केसभर पुढेमागे केला की मुकी तार बोलू लागते. ज्याला गाण्याचा गंधही नाही असा मनुष्यदेखील डोळे मिटून सांगेल की आता जवारी लागली. किंमत? शिंपी तुम्हांला तो दोरा फुकट देईल. कारण लहान, परिणाम मोठा, आणि परिणाम डोळे मिटल्यावरही शिल्लक! कसोटी असावी तर अशी.

आता तारेकडे वळू. स्पीकरपर्यंत जाणारी तांब्याची तार विजेला थोडा अडथळा करते, हे खरे. तो अडथळा मोजता येतो. घरगुती वायरिंगमध्ये दीड चौरस मिलिमीटर जाडीची जी तार वापरतात ती तीन मीटर घेतली, म्हणजे जाऊन-येऊन सहा मीटर, तर तिचा विरोध एका ओहमच्या शंभरात सात भागांइतका भरतो. समोरचा स्पीकर आठ ओहमचा असतो. या अडथळ्याने आवाजात जी घट येते ती एका डेसिबेलच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. आपण खुर्चीत थोडे पुढे सरकून बसलो तर याहून मोठा फरक पडतो. तार फारच बारीक असेल आणि सभागृहाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला न्यायची असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा जाड तार घ्यावी, ती कोणत्याही विजेच्या दुकानात मिळते.

भिंतीतल्या खटक्यापासून यंत्रापर्यंतच्या दोन मीटर तारेचा महिमा तर मला कधीच उमगला नाही. कोयनेची किंवा राधानगरीची वीज डोंगरदऱ्या ओलांडून, मैलोगणती उघड्या अॅल्युमिनियमच्या तारांवरून, पावसात भिजत, कावळ्यांना बसू देत आपल्या गल्लीतल्या खांबापर्यंत येते. खांबावरून घरात येते, घरात दहा सांधे ओलांडते. एवढा प्रवास करून आलेल्या विजेला शेवटच्या दोन मीटरांत शुद्ध करून घ्यायचे, म्हणजे काशीहून कोल्हापूरपर्यंत मालगाडीने आलेल्या गंगाजलाला उंबरठ्यावर रेशमी वस्त्रातून गाळण्यापैकी आहे.

अंकांच्या रूपाने आवाज वाहून नेणाऱ्या तारांची कथा आणखी मौजेची. त्यांतून शून्य आणि एक एवढेच जाते, आणि ते बरोबर पोचले की नाही हे यंत्र स्वतः तपासते. तरीही २००८ साली डेनॉन या नामांकित जपानी कंपनीने दीड मीटरची असली एक तार ४९९ डॉलरना विकायला काढली, आणि तिच्यावर प्रवाहाची दिशा दाखवणारे बाणही छापले. त्याआधी, १९९० च्या सुमारास, कॉम्पॅक्ट डिस्कच्या कडेला हिरव्या शाईच्या पेनाने रंग लावला की आवाज सुधारतो अशी टूम निघाली होती. तपासणाऱ्यांनी तपासले, डिस्कवरचे आकडे रंगाआधी होते तेच रंगानंतर निघाले. टूम ओसरली आणि पेने मुलांच्या दप्तरात गेली असतील. निदान तो तोटा स्वस्तातला होता.

आमच्या राजारामपुरीतले एक स्नेही आहेत. निवृत्त अभियंता, गाण्याचे खरे वेडे. त्यांनी गेल्या वर्षी अडतीस हजारांची तारांची जोडी घेतली. मी शंका काढली तेव्हा ते रागावले नाहीत, अभियंताच ते, म्हणाले, "कसोटी लाव." वहिनींनी पंचांचे काम पत्करले. मधे चादर टांगली, लक्ष्मीपुरीतून आणलेली साधी तार शेजारी ठेवली, आणि प्रत्येक वेळी नाणे उडवून, छापा पडला तर महाग तार, काटा पडला तर स्वस्त, असे दहा वेळा जोडून मल्लिकार्जुन मन्सूरांची एकच तान वाजवली. स्नेह्यांनी दहांपैकी सहा वेळा बरोबर ओळखले.

"पाहा!" ते म्हणाले. मी कागद घेऊन हिशेब मांडला. नुसते नाणे दहा वेळा उडवले तरी सहा किंवा अधिक वेळा छापा पडण्याचा संभव शंभरात अडतीस असतो. दहांत नऊ ओळखले असते तर मी गप्प बसलो असतो, कारण तसे दैवाने घडण्याचा संभव शंभरात जेमतेम एक आहे. वहिनी चादरीची घडी घालताना म्हणाल्या, "भाऊजी, आकडे राहू देत. पहिल्या दोन खेपांनंतर ह्यांनी गाणं ऐकलंच नाही, नुसती तारच ऐकत बसले होते." सगळ्या प्रकरणावरचे याहून नेमके परीक्षण मी अजून वाचलेले नाही.

स्नेह्यांना कमीपणा वाटण्याचे कारण नाही. त्यांच्याहून मोठमोठे या चादरीपुढे थकले आहेत. २००७ साली अमेरिकेतल्या मायर आणि मोरन या दोघांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. साध्या सीडीच्या दर्जाचा आवाज आणि त्याहून कितीतरी बारकाव्यांनी मुद्रित केलेला म्हणून विकला जाणारा महाग आवाज, यांत फरक कळतो का? एकूण ५५४ वेळा विचारले. बरोबर उत्तरे आली २७६. म्हणजे निम्मीसुद्धा नव्हेत. १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी स्पीकर आधी दिसतील असे ठेवून आणि मग पडद्याआड ठेवून लोकांकडून गुण घेतले. दिसत होते तेव्हा देखणे, मोठे, महाग स्पीकर वर चढले. पडद्याआड ती चढाई पुष्कळशी उतरली. गुण देणारे त्याच कंपनीत काम करणारे लोक होते, हे विशेष. कान डोळ्यांचे ऐकतात, त्याला इलाज नाही. केवळ दुसऱ्या खेपेला आवाज किंचित वाढवला तरी 'अहाहा, काय खुलले!' असे आपण म्हणतो, आणि ही गोष्ट विक्रेत्याला आपल्याआधी ठाऊक असते.

हा खेळ तसा जुनाच. १९१५ पासून पुढे दहाएक वर्षे एडिसनची कंपनी अमेरिकेतल्या गावोगावी तबकडी आणि गायिका शेजारी-शेजारी उभी करी. गायिका मध्येच थांबे, तबकडी गात राही, आणि कोण थांबले हे ओळखता येत नाही असे श्रोते शपथेवर सांगत. त्या कर्ण्यातून येणारा आवाज आज ऐकला तर शेंबडे पोरही फसणार नाही. मग तेव्हाचे श्रोते बहिरे होते काय? त्यांतली एक गायिका, अॅना केस, हिने पुढे म्हातारपणी सांगून टाकले की आपण यंत्रासारखाच आवाज काढून गात होतो. म्हणजे यंत्र माणसासारखे झाले नव्हते. माणसाने यंत्राची नक्कल केली होती!

आणि अगदी अलीकडचे, २०२२ चे प्रकरण. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकन कंपनी जुन्या मुद्रणांच्या महागड्या तबकड्या काढते. मूळ फितीवरून, मध्ये अंकांचा स्पर्श न होऊ देता केलेल्या, अशी त्यांची ख्याती होती. आणि 'अंकांमुळे सूर निर्जीव होतो, आम्हांला लगेच कळते' असे म्हणणारे जाणकार त्यांचे भक्त होते. मग उघडकीस आले की २०११ पासून त्यांतल्या पुष्कळ तबकड्या अंकित मुद्रणावरूनच तयार होत होत्या. दावे झाले, पैसे परत करण्याची तडजोड झाली. परंतु माझ्या लेखी महत्त्वाची गोष्ट निराळीच: अकरा वर्षांत त्या तरबेज कानांपैकी एकाही कानाने फसवणूक पकडली नाही. ती फुटली एका दुकानदाराच्या चौकशीतून, शब्दांनी. कानांनी नव्हे.

काही जण म्हणतील, हौसेला मोल नसते, तुमचे काय जाते? हौसेला माझाही नमस्कार आहे. पैठणी ऊब देते म्हणून कोणी घेत नाही. देखणी तार देखणी म्हणून घ्या, मी चहाला येईन आणि तिचे कौतुक करीन. पण पैठणीवाला तुम्हांला ती नेसल्याने ताप उतरतो असे सांगत नाही. आणि दुसरे असे की ज्यांच्या खिशाला हे परवडते त्यांची साठी बहुधा उलटलेली असते. त्या वयात सेकंदाला दहा-बारा हजार कंपनांपलीकडचे सूर कानाला जवळजवळ बंद होतात. वीस हजारांपर्यंत ऐकतात ती घरातली नातवंडे, आणि त्यांना कोणी विचारत नाही.

यंत्राआधी आणि यंत्रानंतर ज्याने आवाज घडतो त्या गोष्टीबद्दल माहितीपत्रके फारशी बोलत नाहीत, कारण ती बाटलीत भरता येत नाही. ती गोष्ट म्हणजे खोली. चार उघड्या भिंती आणि गुळगुळीत फरशी यांच्यामध्ये लाखाचा स्पीकरही न्हाणीघरात गायल्यासारखा गातो. तिथे एका भिंतीला जाडशी वाकळ टांगा, दुसरीशी पुस्तकांचे कपाट ठेवा, स्पीकर कोपऱ्यातून हातभर पुढे ओढा. यातला प्रत्येक फरक चादरीआडूनही ओळखू येईल, आणि वाकळ आजीने शिवलेली घरात असतेच.

खोलीचे मोल या गावाला तरी शिकवावे लागू नये. शाहू महाराजांनी बांधवून घेतलेले पॅलेस थिएटर १९१५ साली उघडले. पुढे त्याला केशवराव भोसल्यांचे नाव मिळाले. ध्वनिक्षेपकावाचून रंगमंचावरचा शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो, ही त्या वास्तूची ख्याती बाहेरगावचे नटही सांगत. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ती जळाली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. पुन्हा उभारणीचा संकल्प झाला हे उत्तमच, आणि मागणी जशीच्या तशी वास्तू परत मिळण्याची आहे. पण 'जशीच्या तशी' म्हणजे काय? कमानी आणि रंग छायाचित्रांवरून उतरवता येतील. शेवटच्या रांगेत उभे राहून पहिल्या रांगेचा शब्द ऐकणारे कान मात्र कारागिराच्या शेजारी उभे करावे लागतील. गावातल्या जाणकारांनी आपली तारांची माहितीपत्रके क्षणभर बाजूला ठेवून तिथे जाऊन बसावे आणि टाळी वाजवून पाहावी. परीक्षणाला याहून चांगला विषय त्यांना मिळणार नाही.

आवाजाबद्दलच्या दाव्यांची चर्चा चालली आहे आणि गाव कोल्हापूर आहे, तेव्हा एका शब्दाचा उल्लेख टाळता येत नाही. आमच्याकडे 'डॉल्बी' म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीत ट्रॅक्टरवर रचलेली, छातीची फासळी हलवणारी ध्वनिवर्धकांची भिंत. महाद्वार रोडवरची खिडक्यांची तावदाने तिला ओळखतात. ज्यांचे हे नाव ते रे डॉल्बी १९६३ ते १९६५ या काळात आपल्याच देशात युनेस्कोचे तांत्रिक सल्लागार होते. पुढे लंडनमध्ये त्यांनी कंपनी काढली आणि पहिली करामत केली ती फितीवरची खरखर कमी करण्याची: मुद्रण करताना हळुवार सूर मुद्दाम उचलून धरायचे आणि वाजवताना तितकेच खाली आणायचे, म्हणजे त्यांच्याबरोबर खरखरही खाली बसते. हळुवार सूर वाचावा म्हणून राबलेल्या माणसाच्या नावाने आम्ही भिंती हादरवतो. कायद्याने निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेलची मर्यादा आहे, ती कागदावर. एका टोकाला लाखाच्या तारेतून न ऐकू येणारा फरक शोधणारे सद्गृहस्थ आणि दुसऱ्या टोकाला ऐकण्याची शक्तीच गमावू पाहणारी त्यांच्या गल्लीतली पोरे! मधल्या मध्ये गाणे. अभिजात संगीताची आवड जपणाऱ्या मंडळींनी फ्यूजच्या दिशेऐवजी त्या पोरांच्या कानांत घालायच्या बोळ्यांवर चार पैसे खर्च केले, तर गावात दहा वर्षांनी ऐकणारे कोणी उरेल.

खाँसाहेबांची एकही तबकडी बाजारात आली नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांनाही ध्वनिमुद्रणाचे फारसे प्रेम नव्हते. जे थोडे मुद्रित झाले ते जुन्या, दर मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांवर, साडेतीन मिनिटांच्या मापात कोंबून. त्यांतलीच एक भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांतून ताऱ्यांकडे गेली. दुसरे यान ५ सप्टेंबरला उडाले आणि अकरा दिवसांनी केसरबाई गेल्या. सोन्याचा मुलामा दिलेल्या त्या तबकडीबरोबर सुईही धाडली आहे, आणि ती कुठे टेकवावी, तबकडी किती वेगाने फिरवावी, हे वेष्टनावर चित्रांनी दाखवले आहे. तार कोणती घ्यावी याचा त्यात कुठे उल्लेख नाही.